पूजेला बसलेले हातमोजे

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मोरेश्वरपंतांनी टॅला ह्या आयरिश उपनगरातल्या मुलाच्या घरी, बैठकीच्या खोलीत पूर्वाभिमुख पाट मांडला, त्यावर देवीचा टाक ठेवला आणि घरातल्या प्रत्येकाने आपापले आयुध आणून ठेवावे अशी सूचना केली. आयुधे आली; परंतु ती पाहून पंतांचा चेहरा उतरला.

सूनबाई अस्मिता लॅपटॉप घेऊन आली. त्याचे झाकण एका बिजागरीवर लोंबत होते.

"अस्मिता, हा बंद पडलेला दिसतो."

"बंद नाही हो बाबा, म्हातारा आहे. चालू व्हायला अर्धा तास घेतो. नवा मला उद्या सकाळी मीटिंगला लागणार ना."

स्वयंपाकघरातून जी सुरी आली, तिने लोणी कापले असते तरी नवल. चिरंजीव जयेश ऑफिसच्या कामासाठी कॉर्कला गेला होता. त्याने फोनवरून आपल्या वतीने एक जुना चार्जर ठेवायला सांगितले. आणि नातू तनय, जो महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता, तो जिन्यावरून धडधडत उतरला व त्याने पाटावर हातमोज्यांची एक जोडी टाकली. उजव्या मोज्याचा अंगठा शिवणीतून उसवून स्वतंत्र झाला होता.

"अरे, हे फाटके!"

"दे आर ग्रँड, आजोबा," तनय म्हणाला आणि आला तसा वर गेला.

मोरेश्वरपंतांनी सांगलीच्या शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवले होते. एवढ्या काळात त्यांनी पुष्कळ अपमान गिळले होते, पण ते स्वतःचे. हा देवीचा होता. ऑफिसला नवे, मैदानाला नवे आणि देवीला तेवढे अडगळीतले! त्यातही नातवाचे हातमोजे त्यांच्या जिव्हारी लागले. तीन महिने ते ह्या घरात राहिले होते. येत्या सोमवारी परतीचे विमान होते. तनय दर बुधवारी सामना खेळायला जाई आणि गुडघे खरचटून परत येई. "आजोबा, बघायला येता का?" असे त्याने एकदाही विचारले नव्हते. तो उद्धट मुळीच नव्हता. पंत मराठीत बोलत, तो इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांच्या मध्ये एक सभ्य शांतता बसून राही. जाण्यापूर्वी आपल्या हातून ह्या मुलासाठी काहीतरी घडावे, एवढीच पंतांची इच्छा उरली होती.

ती इच्छा पहाटे स्नान आटोपताच कृतीत उतरली. त्यांनी सगळी दुय्यम आयुधे उचलून जिन्याखालच्या कपाटात, म्हणजे इथली मंडळी ज्याला 'प्रेस' म्हणतात त्यात, ठेवून दिली. अस्मिताच्या टेबलावरून नवा लॅपटॉप आणला. स्वयंपाकघरातली धारदार सुरी आणली. दाराशी तनयची भली मोठी पिशवी पडलेली होती. उघडली, तर वर कोरे करकरीत हातमोजे आणि खाली घडी घातलेले सोळा निळे शर्ट! संघाचे शर्ट धुण्याची पाळी त्या आठवड्यात तनयची होती. पंतांचे अंतःकरण भरून आले. एका योद्ध्याचे आयुध शोधायला जावे, तर साऱ्या सेनेची कवचे हाती लागावीत!

त्यांनी शर्टांची रास पाटावर रचली, वर हातमोजे ठेवले, सुपरमार्केटातून आणलेली पिवळी शेवंती वाहिली आणि प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावून षोडशोपचारे पूजा केली. पिशवीतले बूट मात्र त्यांनी दाराबाहेर काढून ठेवले. देवीपुढे पादत्राणे नकोत, एवढा विवेक त्यांनी राखला होता.

साडेनऊ वाजता अस्मिता किंचाळली.

"बाबा, माझा लॅपटॉप! दहाला मीटिंग आहे हो!"

"असू दे. त्या म्हाताऱ्याला आत्ताच चालू कर, दहापर्यंत उठेल तो. पूजिलेले आयुध उत्तरपूजेपर्यंत हलवता येत नाही. मध्येच हलवले, तर केलेले सगळे वाया जाते."

"आणि ही उत्तरपूजा कधी?"

"उद्या. दसऱ्याला. सूर्योदयानंतर."

एवढ्यात तनय खाली आला. पाट पाहून तो जागच्या जागी थिजला.

"आजोबा... दॅट्स द किट. मॅच आज आहे! सेमीफायनल! टू ओ'क्लॉक!"

प्रकरण असे होते. महाविद्यालयांच्या लीगमधल्या पहिल्या चार संघांची हंगामोत्तर स्पर्धा खरे तर वसंतातच व्हायची. परंतु त्या वेळी मैदानांची तळी झाली होती, म्हणून ती ह्या शरदात ढकलली गेली. उपांत्य सामना त्याच दुपारी सँट्रीच्या मैदानावर होता. हे सोळा शर्ट खास ह्या स्पर्धेसाठी शिवून घेतलेले होते.

"मला कुणी सांगितले का, सामना आज आहे म्हणून?" पंत म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच की काय, तनय नुसता हातमोज्यांकडे पाहू लागला.

"बाबा, मुलाचा मोठा सामना आहे," अस्मिता काकुळतीने म्हणाली. "नमस्कार करून उचलूया ना. देवी रागावणार नाही."

"देवी रागावणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण मी आयुष्यात एकही पूजा मध्येच मोडलेली नाही."

दारावरची घंटा वाजली. संघाचा प्रशिक्षक डेक्लन मिनीबस घेऊन शर्ट न्यायला आला होता. पन्नाशीचा तो धिप्पाड गृहस्थ आत शिरला, पाट पाहिला, फुले पाहिली, शेजारी सोवळे नेसून उभे असलेले पंत पाहिले, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. अस्मिताने त्याला सारा प्रकार इंग्रजीत समजावून सांगितला. तनय खाली मान घालून, आता संघातून आपली हकालपट्टी होणार ह्या तयारीने उभा राहिला.

"उचलायचे नाही म्हणतात?" डेक्लन म्हणाला. "मग नाहीच उचलायचे! माझी आई मे महिन्यात मेरीमातेपुढे फुले मांडायची. त्यातली एक दांडी मी एकदा हलवली. बासष्ट वर्षांची असताना तिने माझ्या पाठीत झाडू घातला होता, आणि मी तेव्हा पोलिसात नोकरीला होतो."

पंतांना त्या गृहस्थाविषयी एकाएकी आत्मीयता वाटू लागली. ज्याच्यापुढे हट्ट धरावा तोच मान तुकवू लागला की हट्ट धरणाऱ्याला वाट शोधावी लागते. पंतांनी ट्रंकेतून सांगलीहून आणलेले पंचांग काढले, चष्मा लावला आणि बोटाने ओळ शोधली.

"नवमी सायंकाळी सात वाजून एक मिनिटापर्यंत," ते पुटपुटले. मग थबकले. "पण हे सात भारतातले. अस्मिता, इथे तेव्हा किती वाजलेले असतात?"

"साडेचार तास मागे. म्हणजे... दोन एकतीस."

"दोन एकतीसला दशमी लागते. एरवी मी उद्याच्या सूर्योदयापर्यंत थांबलो असतो. पण आपद्धर्म म्हणून काही आहे. दोन एकतीसनंतर उत्तरपूजा करून आयुधे देता येतील."

"मॅच टू ओ'क्लॉकला आहे, आजोबा!"

डेक्लनने विचार केला. बसच्या मागच्या भागात चार वर्षांपूर्वीचे जुने शर्ट पडलेले होते, विटलेले आणि आखूड. पूर्वार्ध त्यांत काढायचा, मध्यंतरात नवे चढवायचे! राहिला प्रश्न पूजा मैदानावर नेण्याचा. त्यावर पंतांनी निर्णय दिला, की आयुधे पाटावरून हलवणे निषिद्ध असले तरी देवीच आयुधांसह स्वतः प्रस्थान करीत असेल तर तिला अडवणारे आपण कोण? निरांजन शांत करण्यात आले. लॅपटॉप व सुरी आयुधेच असल्यामुळे तीही निघाली. अस्मिता म्हातारा लॅपटॉप मांडीवर घेऊन घरीच थांबली, तिच्या मीटिंगमध्ये तिच्या तोंडून फक्त "हॅलो, ऐकू येतंय का?" एवढेच ऐकू गेले, असे नंतर समजले.

अशा रीतीने आजोबा पाटासह मिनीबसच्या पहिल्या आसनावर बसले. डेक्लनने त्यांच्या आणि देवीच्या भोवती मिळून एकच पट्टा बांधला. मागे पंधरा तरुण आखूड शर्ट अंगात कोंबत होते. "हे आजोबा कोण रे?" असे एकाने विचारले, तेव्हा "माय ग्रँडफादर. ही'ज इन चार्ज," हे तनयचे उत्तर पंतांनी ऐकले आणि त्यांनी पाट जरा घट्ट धरला. निघताना तनयने प्रेसमधून ते फाटके हातमोजे घेतले होते, आणि आता तो उसवलेल्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळत होता.

सँट्रीला पोहोचल्यावर डेक्लनने पंचाकडे अर्धा तास मागून पाहिला. पंचाने उत्तरादाखल मनगटावरचे घड्याळ दाखवले. सामना दोनच्या ठोक्याला सुरू झाला.

पंतांनी तनयच्या गोलमागे, रेषेपासून दूर, पाट मांडला. वारा असा होता की प्रत्येक अक्षता शेजारच्या तालुक्यात जावी. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी सामना जेवढा पाहिला त्याहून अधिक घड्याळ पाहिले. मध्ये एकदा जल्लोष झाला तो आपल्याच संघाचा होता, हे त्यांना डेक्लनच्या उड्यांवरून कळले. दोन एकतीस झाले. पंतांनी डोळे मिटले, हातात अक्षता घेतल्या आणि देवीला पुनरागमनाची प्रार्थना आरंभली. नेमकी त्याच क्षणी शिट्टी वाजली. आजूबाजूला विलक्षण शांतता पसरली. 'काय हा सुसंस्कृत समाज,' असे पंतांच्या मनात आले, 'मंत्र ऐकताच स्तब्ध झाला!' मग धप्पकन आवाज आला, आणि त्यामागून मोठी गर्जना. त्यांनी अक्षता वाहिल्या, पाट किंचित हलवला आणि डोळे उघडले, तर सबंध संघ तनयच्या अंगावर पडलेला होता. नातवाने पेनल्टी अडवली होती, त्या फाटक्या हातमोज्यांनी. आणि आजोबांनी ती पाहिली नव्हती.

मध्यंतर झाले. एक-शून्य! पंत सोळा शर्टांची रास दोन्ही हातांवर तोलीत, वर नवे हातमोजे ठेवून, कृतार्थ मुद्रेने खेळाडूंच्या खोलीत शिरले.

"घ्या. दशमी लागली. आता कोणतीही हरकत नाही."

डेक्लनने दोन्ही हात पसरून त्यांची वाट अडवली.

"एक पाऊल पुढे नको, सर! शर्टाला कुणी हात लावायचा नाही!"

"का? विधिपूर्वक उत्तरपूजा झालेली आहे."

"आम्ही जिंकत आहोत! ह्या शर्टांत, ह्या हातमोज्यांत! जिंकताना काही बदलायचे नसते. मध्येच हलवले, तर केलेले सगळे वाया जाते."

हे वाक्य पंतांच्या ओळखीचे होते. छत्तीस वर्षांच्या सेवेत आणि पाऊणशे वर्षांच्या आयुष्यात त्यांना स्वतःहून कर्मठ माणूस प्रथमच भेटत होता.

"बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले आणि रास घेऊन परतले.

"कुठे निघालात?" डेक्लन मागून ओरडला. "तिथेच उभे राहा! गोलमागे! आता तनय त्या बाजूच्या गोलात असेल. पाट घेऊन तिकडे या! आणि पेनल्टी झालीच, तर डोळे मिटून!"

उत्तरार्धात पेनल्टी झाली नाही, परंतु पंतांनी सावधगिरी म्हणून धोक्याच्या प्रत्येक वेळी डोळे मिटले. परिणामी सामन्याचा मोठा भाग त्यांनी पापण्यांच्या आडूनच अनुभवला. संघ एक-शून्यने जिंकला. पूजिलेले सोळा शर्ट घडी न मोडता घरी परतले.

संध्याकाळी चहा होत असता तनय हळूच येऊन त्यांच्या शेजारी बसला. त्याच्या हातात ते फाटके मोजे होते.

"आजोबा," तो म्हणाला, आणि पुढचे सगळे त्याने अडखळत, शब्द शोधत, मराठीत सांगितले. "फायनल पुढच्या बुधवारी आहे. ट्रलीला. कोच बोलला, जुने शर्ट धुवायचे नाहीत. पाट पाहिजे. आणि तुम्ही पाहिजे. सेम जागा." त्याने जरा थांबून मोजे चाचपले. "नेक्स्ट इयर पूजेला मी हेच ठेवणार. मी हेच दिले होते. तुम्ही बदलले."

सोळा घामट शर्टांसह ट्रलीपर्यंतचा प्रवास पंतांच्या नाकापुढे उभा राहिला, पण क्षणभरच.

"अरे सोन्या, पण आजोबांचं विमान सोमवारी आहे ना," अस्मिता म्हणाली.

मोरेश्वरपंतांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि पंचांग ओढून घेतले. बराच वेळ ते पाने उलटत राहिले.

"अस्मिता, भारत इथून कोणत्या दिशेला?"

"पूर्वेला. का हो बाबा?"

"सोमवारी पूर्वेला दिक्शूल असतो. त्या दिशेला प्रस्थान सर्वथा वर्ज्य."

"अहो, तिकीट काढलं तेव्हा नाही आठवलं?"

"तेव्हा," पंत पंचांग मिटत शांतपणे म्हणाले, "मला कुठे जायचे आहे ते ठाऊक नव्हते. जयेशला फोन लाव. आणि तनय, तो अंगठा शिवू नकोस हो. आहे तसाच राहू दे."