आवटे सरांची दारं

आमच्या ओतूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे आवटे सर बाळ बघायला गेले, की मुलगा का मुलगी, वजन किती, असलं काही विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न, "दारं लागली का?"

एकदा ऑफिसातल्या क्लार्कच्या सुनेला बघायला आम्ही नारायणगावच्या दवाखान्यात गेलो होतो. सरांनी विचारलं आणि बाळाची आजी लगबगीनं उठून खोलीचं दार लावून आली. सर म्हणाले, "ते न्हाई मावशी, आतलं." आजीनं जाऊन बाथरूमचंही लावलं.

मग सर खुर्ची ओढून बसले. मी मराठी शिकवते, पण पुढचं मला तोंडपाठ झालंय. पोटातलं बाळ श्वास घेत नाही, त्याची फुफ्फुसं मिटलेली असतात. प्राणवायू येतो तो आईकडून, वारेतून, नाळेच्या वाटेनं. मग रक्तानं फुफ्फुसांकडं जायचं कशाला? "नारायणगावचा बायपास हाये ना, तसं," सर म्हणतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप उघडी असते आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मध्ये एक बोळ असतो. बरंचसं रक्त तिथूनच परस्पर जातं. बाळ पहिल्यांदा रडलं, की फुफ्फुसं उघडतात, रक्त तिकडं धावतं आणि झडप मिटते. बोळ बुजायला मात्र एखाददोन दिवस लागतात.

इथवर ठीक. पण शेवटी सर आवाज चढवतात. "आन् एखाद्याचं न्हाई जमलं, तर त्यात आईचा काय दोष नसतो. गिराण न्हाई, विळी न्हाई, काय न्हाई!" ओल्या बाळंतिणीपुढं हे काय बोलणं, म्हणून लोक कुरकुरतात. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, प्रत्येक वेळी स्कूटरवर मागं बसून सोबत येतात आणि मान खाली घालून ऐकत बसतात.

गेल्या वर्षी माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नातू झाला, आम्ही घरी आलो, आणि दोघं बघायला आले. सरांनी बाहेर जावयाला धरलं. वहिनी माझ्या मागं स्वयंपाकघरात आल्या. मी चहा टाकता टाकता म्हटलं, की सरांना जरा सांगा, शेवटचं ते बोलू नका म्हणावं, पोरी घाबरतात.

वहिनींनी ओट्यावरचे कप पुढं ओढले. मग सांगू लागल्या. लग्नानंतर दोघं महाळुंगे पडवळला, सरांच्या घरी राहायचे. तिथं त्यांना मुलगी झाली. चांगली गुलाबी, मोठ्यानं रडणारी. घरात पेढे वाटले. पण तिच्या हृदयातून निघणारी मोठी वाहिनीच अरुंद होती, अंगाला रक्त मिळत होतं ते त्या बोळातून. बाकीच्या पोरांसारखा तिचाही बोळ बुजला. दूध ओढेना, अंग गार पडलं. मंचरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सासूबाई म्हणाल्या, हिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली, त्याचंच हे. वहिनींनाही ते खरं वाटलं. किती तरी वर्षं त्या विळीला शिवल्या नाहीत.

"तवापासून ह्ये मला समजावतात," वहिनी म्हणाल्या. "समोर बसून सांगायचं धाडस होत न्हाई, म्हणून मला घेऊन लोकांच्या घरी जातात."

मी विचारलं, "मग तुम्हाला अजून पटलं नाही का?"

"पटलं की, ताई. लई वर्षं झाली." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पण त्यांना सांगितलं न्हाई. तिचं बारसंबी झालं नव्हतं, नाव घेऊन आठवण काढावी तर नाव न्हाई. आमच्या घरात तिच्याबद्दल बोलणं व्हतं ते येवढंच. ते बंद झालं तर तिचं काय राहिलं?"

चहा उतू जाऊ लागला होता. वहिनींनीच गॅस बारीक केला.