कुंडी कोणाची?

बाल्कनीत पाखरांना दाणे टाकता टाकता तपासनीस खिडकीच्या काचेकडे बघून बोलण्याचा सराव करत होता. "जबाबदारी माझी आहे, मॅडम." पहिल्यांदा ते लाचार वाटलं, पुन्हा म्हटल्यावर उर्मट वाटलं. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, जबाबदारी नंतर घ्या, आधी तो दाण्यांचा डबा बंद करा. अर्धे दाणे माझ्या कुंड्यांत पडतात."

तपासनीस हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण आता घरीदारी सगळे त्याला तेच म्हणत. तो एका ऑनलाइन बाजारात नोकरीला होता. या बाजारात कोणीही उठावं आणि काहीही विकायला ठेवावं; पलंग, सायकल, नाहीतर जुना कोट. प्रत्येक वस्तूचा फोटो बघून ती पास करायची की नाही, एवढं ठरवणं हे त्याचं काम. काम तसं सुखाचं होतं. मग नवा कायदा आला. गांजा विकायचा तर परवाना असलेल्या दुकानातच, आणि बिनपरवान्याचा गांजा एखाद्या ऑनलाइन बाजारात सापडला, तर विकणाऱ्याइतकाच तो बाजारही दोषी. शिवाय प्रत्येक बाजाराने आपला एक 'जबाबदार अधिकारी' नेमून त्याच्या नावाची पाटी लावायची. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "कोण तयार आहे?" सगळे झटकन टेबलाकडे बघू लागले. तपासनिसाला खाली बघायला जरा उशीर झाला.

आज परवाना खात्याच्या मॅडम तपासणीला येणार होत्या. बाजारात गांज्याचं एक पान जरी निघालं, तरी नोकरी जाणार होती, आणि वर खटला. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

ऑफिसात पोचल्या पोचल्या त्याने शेवटची खात्री म्हणून झाडांचा विभाग उघडला. गुलाब, निवडुंग, पुन्हा गुलाब. आणि मग एक हिरवंगार, हाताच्या बोटांसारख्या कातरलेल्या पानांचं झाड. खाली लिहिलं होतं, 'शोभेचं झाड. वास उग्र. मांजर जवळ येत नाही.'

ही पानं खात्याच्या माहितीपत्रकावर छापलेली होती. ती तो झोपेतही ओळखू शकला असता. आणि झाडाच्या मागे दोरीवर एक बनियन वाळत होतं. काखेत भोक असलेलं. ते भोकही त्याच्या चांगल्याच ओळखीचं होतं. रोज बाल्कनीत उभं राहूनही त्याचं लक्ष पाखरांकडे असे, कुंड्यांकडे कधी गेलंच नव्हतं.

आता हे झाड पास झालं कसं? तर त्यामागे एक जुनं प्रकरण होतं. सासूबाई याच बाजारात बाल्कनीतली रोपं विकत. एकदा त्यांच्या मोगऱ्याचा फोटो वाकडा आला म्हणून तपासनिसाने तो नियमाप्रमाणे परत पाठवला. त्यानंतर सासूबाई त्याच्याशी भिंतीमार्फत बोलू लागल्या. "कोणाला चहा हवा असेल तर ठेवलाय म्हणावं," असं त्या भिंतीला सांगत. शेवटी कंटाळून त्याने त्यांच्या दुकानाला 'विश्वासू विक्रेता' असा शिक्का देऊन टाकला. शिक्का मिळालेल्याचा माल कोणीही न बघता पास होतो. घरात शांतता नांदू लागली, आणि त्या शांततेत हे झाड वाढलं.

त्याने 'काढून टाका' दाबलं. संगणकाने कारण विचारलं. 'प्रतिबंधित वस्तू' म्हटलं असतं तर विकणाऱ्याचं नाव आपोआप परवाना खात्याकडे गेलं असतं. सासूबाईंना स्वतःच्या हाताने खात्यात धाडायचं? नोकरी वाचली तरी जीव वाचला नसता. त्याने दुसरं कारण निवडलं, 'फोटो वाकडा', आणि हुश्श केलं.

थोड्याच वेळात झाड परत आलं. फोटो आता अगदी सरळ होता, आणि खाली भर घातली होती, 'काही लोकांना सरळ वस्तूही वाकडी दिसते, त्याला इलाज नाही.' लोकांना ते फारच आवडलं असावं, कारण बघता बघता झाड 'आजची लोकप्रिय वस्तू' म्हणून पहिल्या पानावर जाऊन बसलं.

त्याने जिन्यात जाऊन फोन लावला. "आई, ते झाड कुठलं?"

"आपोआप आलं. कुंडीत पाखरांचे दाणे सांडतात ना, त्यातून. मी फक्त पाणी घातलं. पण फोटो वाकडा कुठे होता हो?"

"फोटो मरू द्या. ते झाड आत्ताच्या आत्ता बाथरूममध्ये ठेवा आणि कडी लावा."

"बाथरूममध्ये कशाला? विकलं गेलं ते. मी पोचवायलाच निघालेय, टॅक्सीत बसलेय. तुमच्याच इमारतीतलं गिऱ्हाईक आहे. तुम्ही जेवणाचा डबा विसरलात, तोही आणतेय."

"आई, तुम्ही परत फिरा."

"अर्ध्या रस्त्यातून? मग विश्वासू विक्रेता कसली मी," म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला.

तो धावतच दाराशी गेला, तर लिफ्टमधून परवाना खात्याच्या मॅडम बाहेर येत होत्या. नेटकी साडी, हातात फाइल, चेहऱ्यावर हसण्याचं नाव नाही. साहेबांनी त्यांना मीटिंगच्या खोलीत नेलं आणि तपासनिसाला शेजारी बसवलं. मॅडमनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "पाटीवर नाव आहे ते तुमचंच?"

"जबाबदारी माझी आहे, मॅडम," तपासनीस म्हणाला. आवाज लाचारही आला नाही आणि उर्मटही नाही, नुसताच बारीक आला.

साहेबांनी घसा साफ केला. "मॅडम, खरं सांगायचं तर हा कायदा आमच्यावर अन्याय आहे. आम्ही फक्त जागा देतो. त्या जागेत कोण काय आणून ठेवतो, त्याला आम्ही काय करणार?"

"जागा कोणाची?" मॅडमनी विचारलं.

"आमची."

"मग बघायचं कोणी?"

साहेब तपासनिसाकडे बघू लागले. तेवढ्यात दार उघडलं आणि एका हातात डबा, दुसऱ्या हाताने छातीशी कवटाळलेली कुंडी, अशा सासूबाई आत आल्या. खोलीभर उग्र वास पसरला.

"या या," साहेब खुशीत म्हणाले. "मॅडम, हे आपल्याच बाजारातून मागवलं. तुम्ही येणार, खोलीत जरा हिरवळ असावी म्हणून. विश्वासू विक्रेत्याचा माल आहे."

सासूबाईंनी कुंडी बरोबर मॅडमच्या समोर ठेवली आणि एक पान पदराने पुसलं. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला, पान चुरगळून वास घेतला. साहेबांनी त्यांचं तोंड पाहिलं, मग पान पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "हा गांजा आहे. परवाना आहे तुमच्याकडे?"

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची बोलती बंद झालेली तपासनीस बघत होता, आणि त्याला ते मुळीच बरं वाटलं नाही. पण सासूबाई लवकर सावरल्या. "मी फक्त कुंडी दिली," त्या म्हणाल्या. "त्या कुंडीत पाखरांनी काय आणून टाकलं, त्याला मी काय करणार?"

साहेबांना ठसका लागला. त्यांचंच वाक्य त्यांच्याच खोलीत परत आलं होतं.

मॅडमनी फाइल उघडली. "पाखरांच्या दाण्यांत भांगेच्या, म्हणजे ह्याच झाडाच्या, बिया असतात, त्या कधीकधी रुजतात. दाणे कोण टाकतं?"

सासूबाईंनी तपासनिसाकडे पाहिलं. पाटी, नोकरी, खटला, सगळं त्यांना ठाऊक होतं. त्या ताठ बसल्या. "मी टाकते. रोज सकाळी."

तपासनीस मान खाली घालून गप्प बसला असता तर सुटला असता, आणि या खेपेला खाली बघायला त्याला भरपूर वेळही होता. पण तो उठून उभा राहिला. "नाही मॅडम. दाणे मी टाकतो. ह्या माझ्या सासूबाई. ह्यांचा माल न बघता पास होतो तोही माझ्यामुळे. आणि सकाळी हे झाड मी काढलं, पण कारण खोटं दिलं."

मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला. "म्हणजे बी तुमचं, बाल्कनी तुमची, बाजार तुमचा आणि पास करणारेही तुम्हीच. इतका जबाबदार अधिकारी मी अजून पाहिला नव्हता."

त्यांनी झाड जप्त केलं. नोटीस साहेबांच्या हातात दिली, विश्वासू विक्रेत्यांचे सगळे शिक्के रद्द केले आणि निघताना म्हणाल्या, "ह्यांना काढू नका. विचारल्यावर खरं बोलणारा माणूस मला परत कुठे मिळायचा? उद्यापासून झाडांचा एकेक फोटो ह्यांनीच बघायचा."

परतीच्या टॅक्सीत सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. कुंडी गेली होती, मांडीवर आता नुसता डबा होता. तपासनिसाला वाटलं, आता पुन्हा भिंतीमार्फत बोलणं सुरू होणार.

"जावईबापू," त्या म्हणाल्या.

"बोला, आई."

"उद्या गुलाब टाकायचाय विकायला. तुम्ही बघणार ना नीट?"

"बघावाच लागेल."

"बघा. बघायलाच पाहिजे." त्यांनी डब्याचं झाकण उघडून डबा त्याच्या हातात दिला. "पण आधी एक सांगा. तो पहिला, मोगऱ्याचा फोटो खरंच वाकडा होता का?"

तपासनिसाने घास घेतला आणि सावकाश चावला. दिवसभर खरं बोलून तो थकला होता.

"किंचित," तो म्हणाला.

सासूबाईंनी टॅक्सीच्या काचेकडे तोंड फिरवलं. "कोणाला पाणी हवं असेल," त्या काचेला म्हणाल्या, "तर बाटली पिशवीत आहे म्हणावं."