साठ एमबीची मेहुणी

नितीनने मेहुणीच्या लग्नाचे फोटो स्वतःच काढायचं ठरवलं, इथपर्यंत ठीक होतं. डहाणूत दोन वाढदिवस आणि एक चिकूचं कॅलेंडर (त्यातही जानेवारी ब्लर) एवढा दांडगा अनुभव होता गड्याला. पण त्याने फोटो फक्त 'रॉ'मध्ये काढायचे ठरवले आणि तिथून गाडी घसरली.

"जेपेगमध्ये काढ ना," बायको रविना म्हणाली. "कार्ड एकच आहे तुझ्याकडे."

"जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने चावून दिलेला फोटो. रॉमध्ये सगळं शाबूत राहतं. नंतर बसून हवं तसं करता येतं."

"केवढा होतो एक?"

"साठ एमबी."

"मग मावतील किती?"

"क्वालिटी बघ गं."

मेहुणीला, जयश्रीला, एकच फोटो हवा होता. भिंतीवर तांदळाच्या पिठाने रंगवलेल्या लग्नाच्या चौकासमोर नवरा-नवरी दोघं उभे. फ्रेमसुद्धा आधीच आणून ठेवली होती तिने.

तलासरीच्या पाड्यावर पोचताच नितीनला ऊत आला. तारपा वाजवणाऱ्या काकांचे गाल फुगले, खटाखट चाळीस. गाल बसले, अजून तीस. हळदीचे शंभर. मांडवात शिरलेल्या कोंबडीचे बावीस (उजेड काय पडला होता तिच्यावर).

शेवटी लग्न लावणाऱ्या धवलेरीबाईंनी गाणं धरलं. नवरा-नवरी चौकासमोर आले. नितीन सगळ्यांच्या पुढे घुसला, बटण दाबलं. कॅमेरा गप्प. कार्ड फुल.

"एक मिनिट थांबा, दोन डिलीट करतो."

"गाणं मध्ये थांबत नाय, जावई," सासूबाई शुक्रीबाई म्हणाल्या.

"कोंबडी उडव," रविना दातओठ खात म्हणाली.

"अगं पण कुठली? सगळ्याच मस्त आल्यात."

तो वाकून कोंबड्या निवडत बसला, तोवर लग्न लागलंसुद्धा.

त्या क्षणाचा फोटो एकच निघाला. शुक्रीबाईंनी तडा गेलेल्या मोबाइलवर काढलेला, व्हॉट्सॅपवर फिरून फिरून पार चोथा झालेला. त्यात नितीनची वाकलेली पाठ आहे, पाठीच्या खालचा ऐवज आहे आणि वर नवरीचं बाशिंग तेवढं डोकावतंय.

फ्रेम आणलेलीच होती, लावली. शुक्रीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात, "हे आमचे मोठे जावई. पलीकडे जयश्रीचं लग्न चाललंय."

"भाऊजी, यातून तुम्हाला खोडता येईल का हो?" जयश्रीने परवा विचारलं.

नितीनने फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला, मान हलवली.

"रॉ असता ना, तर एका मिनिटात खोडलं असतं मला."