थोडी बोथट करून द्या

"बारा हत्यारं कशाला गं? हात तर दोनच आहेत तुला," असं म्हणत बन्सीलाल गुरुजींनी दामिनीची चकचकीत पेटी उघडली, आतलं एकेक हत्यार डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि उसासा टाकला. एकाही हत्याराला धार नव्हती.

दामिनी म्हणजे गुरुजींची सुरतची नात, सातवीतली. सुट्टीला पुरुषोत्तमनगरला आली होती आणि रविवारी नंदुरबारहून तिची परतीची गाडी होती. गुरुजी चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. नोकरीभर त्यांनी पोरांकडून बटाट्याचे आणि भेंडीचे ठसे उमटवून घेतले. लाकडापर्यंत पोचायच्या आतच दरवर्षी परीक्षा यायची. निदान नातीच्या हातून तरी लाकडावर कोरलेलं एक चित्र कागदावर उमटावं, एवढीच त्यांची इच्छा होती. शेजारची अर्शियाही शिकायला बसली होती.

गुरुजींनी पेटीतून तीनच हत्यारं काढली. एक चपटी पटाशी, एक कोनाची कोरणी, एक गोल तोंडाची. "कोनाची रेघ काढते, गोल तोंडाची मोकळी जागा खणते, पटाशी काठ साफ करते. बाकीची पेटी शोभेची."

"मग कोरायचं?" दामिनीने हळदूच्या लाकडाची फळी पुढे ओढली.

"आधी धार. बोथट हत्यारावर जोर द्यावा लागतो, जोर दिला की ते घसरतं आणि हातात घुसतं. लक्षात ठेवा, बोथट हत्यार हाताला लागतं, धारेचं लाकडाला."

दोघींनी मान डोलावली. गुरुजींनी ओट्यावर आपला जुना धारेचा दगड मांडला, त्यावर पाणी शिंपडलं आणि पटाशी घासून दाखवली. मग कमरेचा चामडी पट्टा काढून त्यावर ती उलटसुलट ओढली. पटाशी फिरवताच गुरुजींच्या हातावरचे केस साफ उडाले तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून पार्वतीबाई बाहेर आल्या. त्यांनी पटाशी पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन विळी घेऊन आल्या.

"आते बठेलच शेतस तं मन्ही इळीबी घासी द्या."

"अहो, पोरींचा धडा चाललाय."

"इळीनाबी धडाच शे तो. घासा."

गुरुजींनी विळी घासली. संध्याकाळी पार्वतीबाईंनी दारात बसून गिलकी चिरली, तीही शेजारणींशी बोलता बोलता, खाली न बघता. हे गल्लीने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यासमोर रांग लागली होती. सगळ्यात पुढे अर्शियाची आई रजिया, हातात शिवणकामाची कात्री. "गुरुजी, जरा इस कैंचीको भी देख लो ना. कपडा काटती कम, चबाती जादा." तिच्या मागे विळ्या, सुऱ्या, एक अडकित्ता. शेवटी केळीचा बागायतदार हेमराज, काखेत कोयत्यांचं बोचकं.

"हेमराज, हा दगड नाजूक कामाचा आहे रे."

"गुरुजी, मी तुमना विद्यार्थी शे. माले नै म्हणशात?"

गुरुजींना आजवर कोणत्याच विद्यार्थ्याला नाही म्हणता आलं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांचे खांदे भरून आले. पट्टा कामात अडकल्यामुळे ते एका हाताने पँट धरून लोकांना पाणी विचारत होते. कोपऱ्यात दामिनी गोल कोरणी सपाट दगडावर फिरवायचा सराव करत होती. हात नवखा, त्यामुळे दर वेळी कोरणीचे कोपरे झिजायचे आणि धार मधेच तुटायची.

"उद्या नीट बसू हं," गुरुजी म्हणाले.

उद्या गल्लीतले अंगठे आले.

बोथट विळीवर सारं अंग रेटून भाजी चिरायची सवय या हातांना लागलेली. आता विळी लोण्यासारखी चालत होती, पण रेटा तोच होता. भोपळा संपायचा आणि विळी तशीच पुढे जायची. पहिल्या पार्वतीबाईच. अंगठ्याला जुन्या लुगड्याची चिंधी, हातात विळी.

"इतली धार काय कामनी? मन्हा अंगठा कापाई गया! थोडी बोथट करी द्या."

"बोथट?"

"पहिले व्हती तशी."

दामिनीने शांतपणे विचारलं, "आजोबा, धारेचं हत्यार लाकडाला लागतं ना?"

"लाकूड असलं तर," गुरुजी म्हणाले.

मागे रजिया उभी होती, बोटाला पट्टी. तिच्यामागे कालचीच रांग, फक्त प्रत्येकीच्या हातावर चिंधी जास्तीची. आणि शेवटी हेमराज. "गुरुजी, मजूर कोयताले हात लावी नै ऱ्हायना. म्हणस, याले पाहीसनच भीती वाटस."

धार लावणं गुरुजींनी आयुष्यभर शिकवलं होतं. काढायची कशी ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी पातं धारेवर उभं धरून दगडावर मागेपुढे ओढायचं, असा उपाय त्यांनी काढला. विळ्या झाल्या, सुऱ्या झाल्या, कोयते झाले. लोक समाधानाने घरी गेले. दगडाच्या मधोमध बोटभर रुंदीची एक खोल, गोलसर खाच पडली होती.

शनिवार उजाडला. गुरुजी त्या दगडाकडे पाहत बसले. "संपलं, दामिनी. दगड सपाट नसेल तर धार लागत नाही. तुझं चित्र राहिलं बघ." उरलेल्या जोराने ते पडवीत आडवे झाले आणि झोपले.

जाग आली ती खरखर आवाजाने. दामिनी गोल कोरणी त्या खाचेत ठेवून सरळ मागेपुढे ओढत होती. खाच कोरणीच्या तोंडाला बेताची बसली होती. कोपरे झिजत नव्हते, धार तुटत नव्हती, हात वळवावाच लागत नव्हता. अर्शिया तिच्या पाठीमागे गुरुजींचा पट्टा ताणून उभी होती.

"आजोबा, हे तुम्ही मुद्दाम केलंत ना? आमच्यासाठी?"

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "उभी काय राहिलीस? फळी घे."

संध्याकाळी चित्र उमटलं. दगडावर वाकलेला म्हातारा, एका हातात पँट, आणि समोर चिंध्या बांधलेल्या अंगठ्यांची लांब रांग. छाप उलटा पडतो, त्यामुळे गुरुजी डावखुरे झाले होते. त्यांनी एक कागद उजेडात धरून पाहिला आणि आपल्यासाठी ठेवून घेतला. पोरींनी मात्र शाई संपेपर्यंत छाप काढले आणि निघण्याआधी ओळखीच्या घराघरांत भेट म्हणून वाटले.

रविवारी नातीला गाडीत बसवून गुरुजी घरी परतले तेव्हा अंग मोडून आलं होतं. आता दगड धुऊन माळ्यावर टाकायचा, असं त्यांनी रिक्षातच ठरवलं होतं. ओट्यावर शेजारच्या गल्लीतली माणसं बसली होती. प्रत्येकाच्या एका हातात विळी होती, दुसऱ्या हातात चित्र.

"गुरुजी, तुम्ही धार लाई देतस, हाई आम्हना गल्लीमां कोणी सांगंच नै!"

गुरुजी हळूच बसले. कमरेचा पट्टा काढला, दगडावर पाणी शिंपडलं.

"आधी अंगठा दाखवा," ते म्हणाले.