मागची सीट

गेले कित्येक महिने त्या घरातली सगळी महत्त्वाची बोलणी बाथरूममध्ये नळ सोडून होत असत. नवरा पालथ्या घातलेल्या बादलीवर बसायचा आणि बायको आरशाकडे तोंड करून, दात घासण्याच्या निमित्ताने बोलायची. कारण बाहेर आई असत.

आई म्हणजे बायकोच्या आई. मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या फ्लॅटमध्ये पाइप फुटला तेव्हा त्या चार दिवसांसाठी म्हणून लेकीकडे आल्या. पाइप दुरुस्त झाला, भिंती वाळल्या, नवा रंगही लागला. आई मात्र हलल्या नाहीत. लेकीच्या घराचा त्यांनी बघता बघता वॉर्ड करून टाकला. दिवे वेळेवर बंद, चादरींचे कोपरे घट्ट खोचलेले, आणि जावई जरा शिंकला की त्याच्या तोंडात थर्मामीटर. मिठाची बरणी कुठे असते हे त्या घरात आता फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"आज तू सांगूनच टाक," तोंडातला फेस सांभाळत बायको म्हणाली.

"मीच का? आई तुझी आहे."

"म्हणूनच. मी बोलले तर तिला वाटेल, पोटच्या पोरीने घराबाहेर काढलं."

"आणि मी बोललो तर?"

"तर जावई तसलाच आहे असं वाटेल. ते तसंही वाटतंच तिला."

जावई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. दिवसभर भिंगं बदलत "हे बरं दिसतंय, की हे?" असं मऊ आवाजात विचारून विचारून त्याला तीच सवय लागली होती. कुठलीही गोष्ट तो सरळ सांगत नसे, दोन पर्याय पुढे ठेवून वाट बघत बसे. दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून आयुष्य घालवणाऱ्या माणसाला स्पष्ट बोलता कसं येत नाही, हे बायकोला लग्नापासून कोडं होतं.

हे बोलायची जागा तिनेच शोधली होती. गावाबाहेर नदीच्या खोऱ्यातून पूर्वी एक छोटी रेल्वे जायची. ती बंद पडल्यावर रूळ उखडले गेले आणि तिथे बारीक खडीची वाट झाली, फक्त सायकलवाल्यांसाठी. मोटारी, स्कूटर सगळ्यांना बंदी. "हॉर्न नाही, गर्दी नाही, ओळखीचं कुणी भेटायचं नाही," बायको म्हणाली. "तुम्हा दोघांना मी एकाच सायकलवर बसवते. म्हणजे तुला पळता येणार नाही."

भाड्याच्या सायकलींच्या दुकानात दोन सीटची लांबलचक सायकल त्यांची वाटच बघत उभी होती. "हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात," दुकानदाराने समजावलं. "मागच्याने नुसते पाय मारायचे आणि पुढच्यावर विश्वास ठेवायचा."

"विश्वासाचं बघू," आई म्हणाल्या आणि मागच्या सीटवर ताठ बसल्या. बायको आपली साधी सायकल घेऊन पुढे सटकली. वाटेत जुनी पाणचक्की होती, तिथल्या कॉफीच्या टपरीवर भेटायचं ठरलं होतं.

वाट खरोखर सुंदर होती. एका हाताला संथ नदी, दुसऱ्या हाताला उतरत्या कुरणात चरणारी गुरं, आणि चाकांखाली खडीचा कुरकुर आवाज. पाण्यात एक बगळा एका पायावर उभा होता. त्याच्याइतका निवांत जीव आपण आज दिवसभरात होणार नाही, असं जावयाला वाटलं.

"पाठ सरळ ठेवा, जावईबापू," मागून सूचना आली. "श्वास नाकाने."

"हो, आई."

आईंचे पाय मात्र जोरकस होते. उभा जन्म वॉर्डातून फेऱ्या मारण्यात गेलेला. चढ आला तरी सायकल थबकत नव्हती. जावयाला धीर आला. शिवाय या सायकलवर एक मोठी सोय होती, ज्याच्याशी बोलायचं त्याचं तोंड बघावं लागत नव्हतं.

"आई, एक विचारू का? म्हणजे सांगू? माणसाला कसं, थोडी मोकळीक लागते ना?"

"लागतेच."

"म्हणजे माणसं कितीही चांगली असली, तरी एका छपराखाली सारखं सारखं राहून..."

"कंटाळा येतो," आईंनी वाक्य पुरं केलं. "बोला की. एवढं घुटमळताय कशाला?"

एवढा आधार मिळाल्यावर त्याने डोळे मिटून उडी घेतली. "म्हणून मला वाटतं, आता वेगळं राहिलेलं बरं."

मागून मिळणारा जोर एकदम थांबला. पेडल जड झालं.

"राग मानू नका," तो घाईघाईने म्हणाला. "यात कुणाचा दोष नाही. तुमच्या लेकीशी मी बोललोय, तिलाही हेच हवंय. ती बिचारी तुम्हाला सांगायला घाबरते, इतकंच."

कोण कुणापासून वेगळं राहणार, हे सांगायचं राहून गेलं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

पुढे मोटारी शिरू नयेत म्हणून अरुंद फाटक घातलेलं होतं. तिथे उतरून सायकल हाताने पलीकडे काढावी लागे. आई उतरल्या. जावयाने फाटकातून सायकल नेली. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. "बसा, आई," तो खाली बघत म्हणाला, जरा थांबला आणि निघाला. फाटकापलीकडे उतार होता. सायकल एकदम हलकी झाली. आईंनी मनाला लावून घेतलेलं दिसत नाही, जोरात पाय मारतायत, असं वाटून त्याचा ऊर भरून आला.

मग तो मोकळेपणी बोलत सुटला. "तुम्ही परक्या थोड्याच आहात? दर रविवारी भेटूच. तुम्ही केलंत ते कुणी करणार नाही. तो थर्मामीटरसुद्धा, खरं सांगतो, मला आवडायचा." समोरून एक वयस्कर जोडपं सायकलवरून येत होतं. त्यांनी आधी त्याच्याकडे, मग त्याच्या मागे पाहिलं आणि सायकली अगदी वाटेच्या कडेला घेतल्या. जावयाने हसून मान लववली.

पाणचक्कीपाशी बायको दोन्ही हातांत कॉफीचे पेले घेऊन उभी होती.

"सांगितलं," तो विजयी स्वरात म्हणाला. "फार समजूतदारपणे घेतलं त्यांनी."

"आई कुठेय?"

तो मागे वळला. मागच्या सीटवर उन्हाचा एक कवडसा तेवढा बसला होता.

आपली सायकल टपरीवाल्याच्या भरवशावर टाकून बायको मागच्या सीटवर चढली आणि दोघं उलटी निघाली. येताना जो उतार होता तो आता चढ झाला होता.

"नक्की काय म्हणालास तू?"

"हेच की, वेगळं राहिलेलं बरं. तुलाही तेच हवंय."

"कुणी? कुणी वेगळं राहायचं?"

"म्हणजे काय, आईंनी."

"आईंनी हा शब्द उच्चारलास का तोंडाने?"

तो बराच वेळ पाय मारत राहिला. "तसा नाही," शेवटी म्हणाला.

फाटकापाशी कुणी नव्हतं. बायकोने हाका मारल्या. नदी शेजारून गुपचूप वाहत होती, आणि मघाशी गोड वाटलेली शांतता आता दोघांच्याही अंगावर आली. फोनला रेंज नव्हती. बायको काठाच्या गवतातून पुढे जाऊन पाण्याकडे बघून आली. ती रडत नव्हती, पण ओठ घट्ट मिटलेले होते. "महिनोन् महिने मी नळ सोडून तिच्याबद्दल बोलत होते," एवढंच ती म्हणाली. जावयाने सायकल फाटकातून दुकानाच्या बाजूला काढली आणि आयुष्यात मारले नसतील इतक्या जोरात पाय मारले.

आई दुकानात सापडल्या. बिघडलेल्या सायकली गोळा करायला दुकानदार खोक्याची तीनचाकी सायकल घेऊन त्या वाटेवर गेला होता. परत येताना त्याच खोक्यात, दोन मोडक्या चाकांशेजारी, त्या ताठ बसून आल्या होत्या. आता त्या त्याच्या सोललेल्या अंगठ्याला पट्टी बांधत होत्या. दुकानदाराला सगळी हकीकत कळलेली होती. त्याने जावयाकडे एक नजर टाकली आणि तो सायकलवर ओरखडे आहेत का ते गुडघे टेकून तपासायला लागला.

"आई!" बायकोने त्यांना मिठी मारली.

"मी ठीक आहे," आई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पण चष्मा काढून त्या तो उगाचच पुसत होत्या. "एकच सांग. हे म्हणतात ते खरं? तुलाही हेच हवंय?"

बायकोने तोंड उघडलं. आईचे डोळे ओले झालेले तिने यापूर्वी कधी पाहिले नव्हते. लेकीला नवरा सोडायचाय या समजाने आईची ही अवस्था, तर खरं सांगितल्यावर काय होईल? तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"आई, वेगळं म्हणजे..." त्याने सुरुवात केली. बायकोचा बूट त्याच्या पायावर आला आणि तिथेच राहिला. "म्हणजे थोडे दिवस," त्याने वाक्य संपवलं.

"बरं झालं मी इथे आहे," आई म्हणाल्या. "लेकीला अशा वेळी एकटी टाकून मी माझ्या घरी जाणं शक्यच नाही." मग जावयाकडे वळल्या. "तुम्ही राहणार कुठे?"

"ते अजून ठरलं नाही."

"कुठल्या तरी ओलसर खोलीत राहाल आणि खोकत बसाल." त्यांनी पर्समधून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "माझा फ्लॅट रिकामा आहे. रागावलेय मी तुमच्यावर, पण तब्येतीची हेळसांड नको."

अशा रीतीने जावई त्या संध्याकाळी एक बॅग घेऊन सासूच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. पहिल्या दिवशी त्याला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने मीठ समोरच्या फळीवर ठेवलं आणि चादर न खोचता झोपला. तिसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली. बाहेर बायको उभी होती, हातात त्याच्यापेक्षा मोठी बॅग.

"आईने पाठवलंय," ती म्हणाली. "तुझी समजूत काढायला. समजूत पटेपर्यंत इथेच राहायला सांगितलंय."

"आणि त्या?"

"ती तिकडचं घर सांभाळतेय. सोफा खिडकीपाशी नेलाय आज."

जावयाने तिची बॅग आत ओढली. मग बायकोने चपला काढून कुठेही भिरकावल्या, आतलं दार, बाहेरचं दार, सगळं उघडं टाकलं आणि मोठ्याने, अगदी मोठ्याने विचारलं, "जेवायला काय करूया?"

ती कांदा चिरत असताना फोन वाजला. आईच होत्या. बायको ऐकत राहिली, मधून मधून हुंकार देत. "हो, आई. थोडा फरक आहे... नाही, अजून हट्टीपणा करतोय... बरं, घाई नाही करत."

"काय म्हणाल्या?" जावयाने विचारलं.

"असे पेशंट हळूहळू सुधारतात, म्हणाली. निदान महिनाभर तरी मी जवळून हलायचं नाही."

जावई आज्ञाधारकपणे सोफ्यावर आडवा झाला आणि त्याने बारीक आवाजात एकदा कण्हून घेतलं.