नसरीनबाईंची टेप

आमच्या शाळेचा व्हरांडा आधी बारा सरपंच लांब होता. आता चौदा आहे. मीटरमध्ये किती ते मला विचारू नका, मी मराठी शिकवते.

हा शोध नसरीनबाईंच्या तिसरीच्या वर्गाचा. शेलूबाजारजवळच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत शिक्षिका आम्ही दोघीच. बाईंच्या गळ्यात शिंप्याची टेप असते. कोणी भेटलं की बोलायच्या आधी त्यांची नजर त्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत फिरून येते. “अंदाजा नोको, माप सांग!” हे त्यांचं पालुपद. चहात चिमूटभर साखर टाका म्हटलं, तर मला म्हणाल्या, “चिमूट कोनाची? तुयी का माई?”

तर लांबी कशानंही मोजता येते हे दाखवायला त्यांनी झेंडावंदनाला आलेल्या सरपंचांच्या पोटाभोवती सुतळी गुंडाळली. तेवढ्या सुतळीचं नाव ‘एक सरपंच’. पोरांनी गाव मोजून काढलं. सरपंचही खूश. माणसं नावासाठी जन्मभर झटतात, हे नुसते जेवून माप झाले.

पुढे डॉक्टरनं त्यांचा भात बंद केला. दिवाळीनंतर पोरांनी नव्यानं सुतळी घेतली, तर व्हरांडा चौदा सरपंच भरला! “बाई, व्हरांडा काहून वाढला?” बाईंनी वर्ग सरळ माझ्याकडे पाठवला. मराठीच्या तासाला पत्रलेखन झालं: ‘माननीय सरपंचसाहेब, कृपया बारीक होऊ नका. आमची शाळा लांब होऊन राह्यली.’ मग कुठे बाईंनी गळ्यातली टेप काढून सेंटिमीटर शिकवला. पोरं तो जन्मात विसरणार नाहीत. मला जरा हेवाच वाटला.

ही टेप त्यांच्या अब्बांची. अब्बा मंगरुळपीरला टेलर होते, बाईंचे सगळे ड्रेस त्यांच्याच हातचे. ते जाऊन चार वर्षं झाली. बाई तेच ड्रेस टाचून, रफू करून घालतात. यंदा सख्ख्या भाचीचं लग्न ठरलं, तर म्हणाल्या, “मी नाई जात. घालाले काय हाये मले?”

“शिवून घ्या की नवा.”

“दुसऱ्याले माप देनं जमत नाई मले.”

ज्यांनी सरपंचांना सोडलं नाही, त्या हे म्हणत होत्या! मला रागच आला. मी कापड आणलं आणि तिसरीच्या फळ्यावर लिहिलं: ‘आजचा प्रकल्प: बाईंचा ड्रेस.’

बाई आल्या, फळा वाचला आणि गोऱ्यामोऱ्या झाल्या. “जुन्या ड्रेसच्या अंदाजानं शिवू दे वं...”

“अंदाजा नोको, बाई!” अख्खा वर्ग ओरडला.

बाईंनी गळ्यातली टेप काढली. ती पहिल्या बाकावरच्या पूर्वाच्या हातात दिली. पूर्वा बाकावर चढली. बाई दोन्ही हात पसरून, श्वास रोखून उभ्या.

“श्वास सोडा ना बाई, माप चुकून राह्यलं.”

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “अब्बाबी असंच म्हनत,” त्या मला म्हणाल्या. पोरांनी हाताची लांबी पाच वेळा मोजली, पाचही वेळा वेगळी आली. बाईंनी एकदाही टोकलं नाही. पोरांनी लिहिलेली दोन्ही हातांची मापं मी तशीच शेलूबाजारच्या टेलरला दिली.

लग्नाला त्या गेल्या. ड्रेसची एक बाही दुसरीपेक्षा चांगली दोन बोटं लांब होती. मांडवात जो भेटेल त्याच्यापुढे बाई ती लांब बाही करत आणि सांगत, “माप माया लेकरायनं घेतलं.”