गोळी घेतली का?

त्र्यंबक सरांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, तेव्हा डॉक्टर अवंतिकांनी हुकूम सोडला, "जे जे घेता, ते सगळं पिशवीत घालून आणा."

सरांनी बाजाराची पिशवीच भरून आणली. रक्तदाबाची गोळी तेवढी त्यांची स्वतःची. सांधेदुखीच्या गोळ्या शेजारच्या गैबीभाईंच्या, काढ्याची बाटली समोरच्या आक्कांची आणि ताकदीच्या कॅप्सूल तालमीतल्या उदयसिंहच्या.

"संसर्गाची कावीळ नाही, तपासणीत तसं काही निघालं नाही. यातल्याच कशानं तरी लिव्हरला सूज आलीय. गुडघे फार दुखतात?"

"दोन वर्षांमागं एकदा दुखला होता. डावा."

"मग गोळ्या अजून कशाला?"

सर रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. बायको गेल्यापासून त्यांची बेल वाजवणारा एक गॅसवाला काय तो उरला होता. गुडघा दुखला आणि गैबीभाई रोज संध्याकाळी "गोळी घेतली का?" म्हणून येऊ लागले. मग सरांनी खोकला काढला, आक्का आल्या. अशक्तपणा काढला, उदयसिंह आला. औषध नको म्हणावं, तर माणूसही जायचं.

"त्या निमित्तानं घटकाभर बसायचे हो," ते म्हणाले.

 डॉक्टरीणबाईंनी गैबीभाईंचा नंबर मागून घेतला आणि कागदावर लिहिलं : रक्तदाबाची गोळी चालू, बाकी सगळं बंद, दर आठवड्याला रक्त तपासणी. शेजाऱ्यांनी रोज येऊन, यांनी दुसरं काही घेतलं नाही ना, ते बघावं.

त्या संध्याकाळी सरांच्या घरात गैबीभाई आणि आक्कांची खडाजंगी झाली.

"आक्का, तुमच्या काढ्यानंच घात केला!"

"व्हय की! आन् तुमच्या गोळ्या म्हंजे परसाद हुत्या काय?"

उदयसिंह आपल्या कॅप्सूलबद्दल चकार शब्द काढेना. मग एकमेकांवर नजर ठेवायला तिघंही रोज येऊ लागले. सरांना कपबश्या कमी पडायला लागल्या.

सहाव्या आठवड्यात रिपोर्ट स्वच्छ आला. "आता पहारा नको," डॉक्टर हसून म्हणाल्या.  घरी येऊन सरांनी रिपोर्ट तांदळाच्या डब्यात खोल खुपसला.

संध्याकाळी तिघं हजर.

"काय म्हणतोय रिपोर्ट?" गैबीभाईंनी विचारलं.

"अजून लक्ष ठेवा म्हणालेत," सर आधणाकडे बघत म्हणाले. "निदान दिवाळीपर्यंत."

"आस्सं? डॉक्टरीणबाईंचा सकाळीच फोन आलता मला. सर ठणठणीत हायत म्हणाल्या."

सरांच्या हातातला चमचा थांबला.  आक्कांनी फळीवरून चार कप काढले.

गैबीभाईंनी खुर्ची पुढं ओढली. "साखर जरा बेतानं टाका," ते म्हणाले. "दिवाळी लांब हाय अजून."